हंबीररावाची हाळी

हंबीररावाचा आवाज सगळ्या गावाच्या उपयोगाचा होता. कोरेगावापासून कोसभर अंतरावर, वसना नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेलं ते गाव. घरं अलीकडच्या काठाला आणि निम्मीअर्धी रानं पलीकडं. पलीकडं गेलेल्या माणसाला सांगावा धाडायचा तर पाण्यात उतरायला लागायचं, नाहीतर हंबीररावाला जेवणावरून उठवायचं. तोही बिनतक्रार उठायचा. काठावरच्या उंचवट्यावर उभा राहायचा, डावा तळवा कानामागं धरायचा, छाती भरून घ्यायचा आणि हाळी घालायचा. "आरं दौलूऽऽ, तुझी म्हस व्यालीऽऽ." मग पलीकडून बारीक 'ओ' यायचा. तो 'ओ' आल्याशिवाय हंबीरराव जागचा हलत नसे. नुसतं वरडायला काय, गाढवसुद्धा वरडतंय, असं तो म्हणायचा. हाळी पोचली का न्हाई ते बघायला लागतंय.

फक्त एका बाबतीत त्याचं तोंड मिटायचं. ज्या घरात देवी आल्या असतील, त्या घराच्या बाजूला तोंड करून तो खोकतसुद्धा नसे. त्याला कारण होतं. तो लहान असताना त्याच्या पाठच्या भावाला देवी आल्या होत्या. घरात फोडणी बंद, दारात लिंबाचे डहाळे, आजारी पोराला नावानं हाक न मारता 'आई' म्हणायचं, आणि घरादारानं पाय न वाजवता चालायचं. पोराचं सारं बरं चाललं होतं, अंगावरचे फोड सुकून खपल्या धरायला लागल्या होत्या. अशात हंबीरराव रानातून सदऱ्याच्या ओट्यात बोरं घेऊन आला आणि सवयीनं लांबूनच त्यानं भावाच्या नावानं हाळी घातली. त्याच रात्री पोराला पुन्हा ताप भरला आणि ते गेलं. आई त्याला एका शब्दानं बोलली नाही. चुलती मात्र न्हाणीपाशी कुणाला तरी सांगत होती, "बरं व्हत आलं हुतं की बया. ह्यानं हाळी घातली आन् आई कोपली." हंबीररावानं ते ऐकलं. पुढं तो अंगानं दरवाजाएवढा झाला, पण चुलतीचं ते बोलणं काही त्याच्यातून निघालं नाही.

शिराळ्याची राही त्याची बायको झाली, तेव्हा तिच्यापाठोपाठ तिचा भाऊ आकारामही त्याच्या पदरात पडल्यासारखा झाला. पोरगा तसा धीट. नागपंचमीच्या आधी शिराळ्याची माणसं नाग धरायला रानोमाळ हिंडतात, त्यात आकाराम सगळ्यांच्या पुढं. बिळात हात घालायला मागंपुढं बघत नसे. पण एकटं राहायचं म्हटलं की त्याचं काळीज पाणी व्हायचं. झोपताना कुणाचा तरी श्वास ऐकू यायला हवा, परसाकडं जाताना कुणीतरी बांधापलीकडून बोलत राहायला हवं. राही हसायची, "नागाला भीत न्हाई आन् मोकळ्या घराला भितोय." बहिणीकडं आला की तो दाजींच्या सावलीत असायचा.

लढाई सुरू झाली आणि साताऱ्यात भरती निघाली. हंबीरराव गेला, आणि तो गेला म्हणून आकाराम गेला. निघताना सासूच्या पाया पडायला हंबीरराव शिराळ्याला गेला. सासू म्हणजे त्याची सख्खी मामीच, बनुबाई. तिनं दोघांच्या हातावर दही घातलं.

"जावयबापू, दोघं चाललासा तसं दोघं या," ती म्हणाली. "ह्यो नदरंआड झाला तर हाळी घालीत ऱ्हावा. तुमचा आवाज ऐकला की ह्यो कुठंबी तग धरतोय."

"घालतो की मामी. त्याला काय पैसं पडत्यात?"

आणि त्यानं शब्द राखला. इटलीच्या डोंगरात त्यांच्या कंपन्या वेगळ्या होत्या, चिखल होता, वरून तोफा चालायच्या. पण कंपनी मागं विसाव्याला आली की हंबीरराव तंबूतंबूंतून हाळी घालत फिरायचा आणि कुठूनतरी 'ओ' यायचा. लालासाहेब नावाचा तासगावकडचा एक नाईक हंबीररावाच्या तंबूत होता. तो म्हणायचा, "बायकुच्या भावाला एवढं हुडकणारा मानूस म्या पयला बघितला. आमी तर मेव्हणा दिसला की वाट बदलतो." असं करत करत लढाई संपली. दोघंही अंगावर साधा ओरखडा न घेता उरले. हंबीररावाला वाटलं, आता काय, बोटीत बसायचं आणि घरी जायचं.

बोट मात्र त्याच्या कल्पनेत मावेना. आत शिरल्यावर ती बोट आहे हेच विसरायला व्हायचं. मजल्याखाली मजले, मजल्यांना जिने, जिन्यांना पहारे. हंबीररावाची कंपनी एका मजल्यावर आणि आकारामाची त्याच्याही खाली. ज्यानंत्यानं आपापल्या मजल्यावर राहायचं, दुसरीकडं फिरकायचं नाही, असा हुकूम. पहिल्याच सकाळी हंबीरराव जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला, तळवा कानामागं धरला आणि त्यानं खाली हाळी घातली.

"आकारामाऽऽ."

लोखंडात तो आवाज असा घुमला की खालच्या मजल्यावर निजलेली माणसं आग लागली म्हणून उठली. कुणी पाण्यात तरंगायची बुचाची जाकिटं घालायला धावलं. हवालदार धापा टाकत वर आला.

"कुनी बोंब ठोकली रं?"

"बोंब न्हवं, हाळी हुती," हंबीरराव म्हणाला.

"ह्यो काय तुझ्या गावचा वढा हाय व्हय, म्हशी हाकायला? पुन्यांदा त्वांड उघडलंस तर मुंबईपातुर संडास धुवायला लावीन."

पुन्हा हाळी घालायची सोय उरली नाही. मग दोघांची गाठ पडायची ती कवायतीला. बोट बुडायला लागली तर काय करायचं त्याची कवायत रोज व्हायची आणि सगळ्यांना वरच्या उघड्या डेकवर आणून उभं करायचे. शिपाई तिला बुडायची कवायत म्हणायचे. हंबीररावाची कंपनी एका कडेला, आकारामाची दुसऱ्या. मधे माणसांची दाटी. आकाराम टाचा उंचावून हात हलवायचा, हंबीरराव टोपी वर करायचा. एकदा गोड्या पाण्याच्या नळापाशी दोघं समोरासमोर आले.

"दाजी, झोप लागत न्हाई," आकाराम म्हणाला. "खाली लय माणसं हाईत, पर वळखीचं कुणी न्हाई. यंत्राचा नुसता घुमाट. आपुन कुठं चाललोय का जागच्या जागी हाय, कायबी कळत न्हाई."

"म्या हाय की वर. तुझ्या डोसक्यावरच म्हण."

"हाय, पर ते मला कसं कळावं?"

त्यावर हंबीररावानं पुष्कळ विचार केला. तो निजायचा त्या टांगत्या झोळीच्या उशाला एक जाड लोखंडी नळ होता. वरून आलेला, खाली गेलेला. पुन्हा पाण्यापाशी गाठ पडली तेव्हा, तो खाली कुठं जातो हे त्यानं आकारामाला बघून ठेवायला सांगितलं. नळ आकारामाच्या जेवायच्या बाकामागून जात होता. ठरलं. संध्याकाळचं जेवण झालं की हंबीररावानं चमच्यानं नळावर वाजवायचं, ठक ठक. मग खालून ठक ठक आलं की झालं. हाळी घातल्यासारखं आणि 'ओ' आल्यासारखं.

पहिल्या दिवशी खालून उत्तर आलं तेव्हा हंबीरराव एवढा हरखला, की लालासाहेबाच्या पाठीत त्यानं धपका घातला. "आला बघ 'ओ'."

"तुमचं हे मेव्हण्या-दाजीचं सूत बघून आमाला आमची बायकु आठवाय लागली गड्या," लालासाहेब पाठ चोळत म्हणाला.

बोट सुएझच्या बाहेर पडली. उकाडा वाढला. एका संध्याकाळी हंबीररावानं नळ वाजवला आणि खालून काहीच आलं नाही. त्यानं पुन्हा वाजवला. दुसऱ्या दिवशी कवायतीला टोपी वर केली, पलीकडून हात हलला नाही. आकारामाच्या कंपनीतला जोतीराम पाण्याच्या नळापाशी भेटला, त्यानं आजूबाजूला बघून आवाज बारीक केला.

"त्येच्या अंगावर आलंय गा. ताप हुता, मग पुरळ उठलं, फोड झालं. गोऱ्या डाक्टरनं बघितलं आन् लगीच उचलून न्हेलं. पार मागच्या अंगाला एक खोली हाय, तिथं एकल्याला ठिवलंय. कुणाला जाऊ देत न्हाईत."

हंबीररावाच्या हातातला डबा भरून वाहायला लागला, तरी त्यानं नळ बंद केला नाही. "आई?" त्यानं विचारलं.

जोतीरामानं मान हलवली आणि दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

हंबीररावानं त्या दिवसापासून फोडणीचं खाणं सोडलं. कोरडी चपाती आणि भात. चमचासुद्धा ताटलीवर वाजू द्यायचा नाही. शेजारचा पोरगा संध्याकाळी भजन म्हणायचा, त्याला हात जोडून त्यानं गप्प केलं. लालासाहेबाला ते बघवेना.

"आरं, हितं दोन-तीन हजार माणसांच्या कालवणाला रोज फोडणी पडतीया. तुझ्या एकल्याच्या कोरड्या चपातीनं आई शांत हुणार हाय व्हय?"

"म्या माझ्यापुरतं सांभाळतो," हंबीरराव म्हणाला. "बाकी माझ्या हातात काय हाय?"

आणि खरंच काही नव्हतं. त्यानं हवालदाराच्या हातापाया पडून बघितलं. हवालदारानं सुभेदाराला विचारलं, सुभेदारानं साहेबाला. त्या खोलीत कुणालाही जाता येणार नाही, हेच उत्तर फिरून खाली आलं. पण हवालदार अगदीच दगड नव्हता. त्या खोलीच्या भिंतीला लागून एक आडोसा होता, तिथं भटारखान्याचे बटाटे सोलायला माणसं बसवत. हे काम सगळे चुकवायचे. हवालदारानं ते हंबीररावाला दिलं आणि सोबतीला लालासाहेबाला.

भिंत लोखंडाची, पांढऱ्या रंगाची. वर एक बोटभर फटींची जाळी. हंबीरराव भिंतीला पाठ लावून बसला. पलीकडं आकाराम होता. मधे हातभरसुद्धा अंतर नसेल. पाठीला लोखंड गरम लागत होतं आणि हंबीररावाला ती आकारामाच्या तापाची धग वाटत होती.

"हंबीरराव," लालासाहेब त्याच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "सालीबरुबर निम्मा बटाटा टाकाय लागलायस. सरकार भिकंला लागंल."

हंबीररावानं ओठावर बोट ठेवलं. तेवढ्यात त्याच्या पाठीत आवाज आला. ठक ठक.

तो ताठ झाला. हातातला सुरा त्यानं उलटा धरला, मूठ लोखंडाकडं नेली. पुन्हा आतून आलं, ठक ठक. हाळी आली होती. आता 'ओ' द्यायचा. सगळ्या आयुष्यात हंबीररावानं आलेल्या हाळीला 'ओ' दिला नाही असं झालं नव्हतं. पण मूठ भिंतीपासून वितीवर थांबली, आणि त्याला ओट्यातली बोरं आठवली. पोराच्या अंगावर खपल्या धरत होत्या. ह्यानं हाळी घातली आन् आई कोपली.

त्यानं सुरा खाली ठेवला. तळवा पसरून भिंतीवर टेकवला, हलक्या हातानं, आवाज होऊ न देता. आतून ठकठक येत राहिली. लालासाहेब बघत होता.

"वाजीव की रं," तो हळूच म्हणाला. "प्वार वाट बघतंय."

"न्हाई. आईफुडं आवाज करायचा न्हाई."

"तुझं चुकतंय का बरुबर हाय, मला कळत न्हाई गड्या," लालासाहेब म्हणाला, आणि खाली मान घालून सोलत बसला. त्याच्याही घरात देवी येऊन गेल्या होत्या. त्यालाही छातीठोकपणे काही सांगता येईना.

रोज तेच. हंबीरराव बटाट्यांचं पोतं घेऊन बसायचा, तळवा भिंतीला लावायचा. आतून ठकठक व्हायची, आधी जोरानं, भराभरा, मग सावकाश. पुढं पुढं नुसती एकच ठक यायची आणि मग बराच वेळ काही नाही. प्रत्येक ठक हंबीरराव हातात झेलून घेत होता. गप्प राहून राहून त्याचे दात दुखायला लागले. आपण एवढं सोसतोय म्हणजे आई नक्की ऐकेल, अशी त्याची समजूत होती. मुंबई जवळ यायच्या सुमारास आतून वाजायचं बंद झालं. हंबीररावानं औषध देणाऱ्या पोराला खुणेनं विचारलं. त्या पोरानं जिवंत आहे अशी खूण केली. हंबीररावानं भिंतीच्या बुडाशी डोकं टेकलं.

बोट धक्क्याला लागली. आजाऱ्यांना आधी उतरवायचं म्हणून बाकीच्यांना वरच कठड्याशी थांबवून धरलं होतं. कठडाभर माणसं, एकमेकांच्या खांद्यावर चढलेली, ओरडणारी, टोप्या उडवणारी. हंबीरराव कोपरं मारत पुढं घुसला. खाली चार माणसं एक स्ट्रेचर उतरवत होती. पांढरी चादर गळ्यापर्यंत. तोंड मोकळं होतं आणि ते फोडांच्या खपल्यांनी भरलेलं होतं. तरी हंबीररावानं ते ओळखलं.

धक्क्यावर स्ट्रेचर जरा टेकवलं. आकारामानं कोपरावर जोर देऊन मान उचलली आणि वर बघितलं. नजर कठड्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. हजारभर तोंडं, सगळी खाकी, सगळी सारखी. हंबीररावानं टोपी हलवली; सगळेच टोप्या हलवत होते. डावा हात आपोआप कानामागं गेला. छाती भरली. एक हाळी घातली असती तर सबंध बंदरात पोचली असती, ती कुणाची हे आकारामाला डोळे मिटूनही कळलं असतं. पण खपल्या अजून होत्या. दहीभाताचा निवद दाखवून आईची बोळवण झालेली नव्हती.

हंबीररावानं टोपीचा कापडी काठ दातांत धरला. आकारामाची नजर त्याच्यावरून एकदा गेली, आणि परत आली नाही. मान खाली पडली. माणसांनी स्ट्रेचर उचललं आणि ते शेडच्या पलीकडं दिसेनासं झालं.

गावात राही दारातच उभी होती. नवरा एकटा आलेला बघून तिनं पाणी ओवाळायचं ठेवून दिलं. त्यानं सांगितलं तेव्हा तिनंही कपाळाला हात जोडले. मग सर्व्हिस मोटारीनं दोघं शिराळ्याला गेली. बनुबाई अंगणात निवडण करत होती. तिनं जावयाच्या मागं रस्त्यावर बघितलं, आणखी कुणी येतंय का.

"मामी, आई आल्यात," हंबीरराव म्हणाला. "सरकारी दवाखान्यात हाय. जित्ता हाय."

बनुबाईचं सूप मांडीवर तसंच राहिलं. "हाळीबिळी घातली न्हाईसा न्हवं?"

"न्हाई मामी. त्यो वाजवीत हुता, तरीबी न्हाई."

"बरं केलंसा," ती म्हणाली, आणि उठून घरातली चूल आधी विझवली.

पंचमीच्या सुमाराला आकाराम आला. उन्हात वाळत घातलेल्या कातड्यासारखं तोंड, खड्ड्याखड्ड्यांचं, पण डोळे शाबूत. बनुबाईनं दहीभात ओवाळून टाकला, लिंबाचा पाला त्याच्या अंगावरून उतरला. हंबीरराव बातमी ऐकून धावत आला होता. त्याला वाटलं होतं, पोरगा गळ्यात पडेल. आकारामानं त्याला बसायला घोंगडं टाकलं, पाणी दिलं आणि उंबऱ्यात बसून राहिला.

"आकारामा," हंबीरराव म्हणाला, "म्या तिथंच हुतो गड्या. भिंतीपल्याड."

"म्हाईत हाय. लालासाहेबानं तुमचं नाव घेतल्यालं जाळीतनं ऐकलं हुतं."

"मग आई आल्याल्या म्हनून..."

"तेबी म्हाईत हाय दाजी. म्या काय इंग्रजाच्या घरात जलमलो न्हाई." त्याचा आवाज चढलेला नव्हता. "पर घरात आई येती तवा मानूस गप ऱ्हातंय, आन् बसतंय कुठं? उशाला. लिंबाच्या पाल्यानं वारा घालतंय. तोंडावरची माशी हाकतंय. तिथं उशाला लोखंड हुतं. वाजीवल्यावर येणारा आवाज सोडला तर माझ्यापाशी कुणीबी न्हवतं. शेवटाला तर वाटाय लागलं, समदी मानसं उतरून गेली, आन् बोट म्या एकलाच घिऊन चाललोय."

बनुबाईनं मधेच सांगायचा प्रयत्न केला. "आरं, त्यांनी तुझ्या भल्यासाठनंच..."

"म्या कुठं म्हनतो वाईटासाठनं? भल्यासाठनंच." आकाराम उठला. "म्हणून तर त्यास्नी काय बोलाया येत न्हाई मला."

हंबीररावाला भांडण हवं होतं. शिव्या दिल्या असत्या, तर त्याला उत्तर देता आलं असतं. ह्याचं काय करायचं, त्याला कळेना. आपण सांभाळलं म्हणून पोरगा वाचला, का आपण न सांभाळताही वाचला असता, हेही कुणी सांगू शकत नव्हतं. त्या दिवसापासून गावानं हंबीररावाला नदीकाठी बोलवलं की तो जायचा, हाळी घालायचा, पण 'ओ' यायची वाट न बघता मागं फिरायचा.

आकाराम सांगलीला निघून गेला. बहिणीच्या घरी तो एकदाही आला नाही. लढाईनंतर राहीला मुलगा झाला. पोराचं जावळ काढायची वेळ आली आणि घरात पेच पडला. जावळ मामाच्या मांडीवर काढतात. चुलत मामा होते, मानलेले मामा मिळाले असते. राही ऐकेना.

"मामा जित्ता हाय. दुसऱ्याची मांडी म्या घेणार न्हाई."

पोराचे केस खांद्याच्या खाली आले. राही त्याची वेणी घालायची. पोरीसारखं दिसतं म्हणून गल्लीतल्या बाया हसायच्या. ते पोरगं केस हलवत पळायचं तेव्हा हंबीरराव दुसरीकडं बघायचा. शेवटी राही म्हणाली, "तुमी गेल्याशिवाय त्यो येणार न्हाई. गेल्यावर येईल असंबी न्हाई. पर जावा."

कोरेगावच्या टेशनावरून गाडीनं मिरज, तिथून सांगली, आणि विचारत विचारत हंबीरराव हरिपूरला पोचला. आकाराम तिथं हळदीच्या पेवांवर कामाला होता. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि आत खोलीएवढी पोकळी. त्यात व्यापाऱ्यांची हळद साठवायची आणि वरून मातीनं लिंपून टाकायची. उघडायच्या वेळी कोंदलेली हवा जाईपर्यंत थांबायचं, कंदील सोडून बघायचा, मग कमरेला दोरी बांधून माणूस उतरायचा. तो आत असेपर्यंत वरच्या माणसानं त्याच्याशी बोलत राहायचं. आतला गप्प झाला, की काही न विचारता त्याला ओढून वर घ्यायचा.

पेवाच्या तोंडाशी नाथाजी नावाचा म्हातारा बसला होता, दाढीमिशा हळदीनं पिवळ्या. "आकाराम? ह्यो काय, पोटात हाय," त्यानं खाली बोट केलं. "तुमी कोण?"

"त्येचा दाजी."

"आसं व्हय. लय इमानी मानूस. पर जरा येडा. आमी ह्या कामाला भितो, त्यो म्हनतो मला ह्येच बरं हाय. का, तर वरचा मानूस गप बसत न्हाई म्हनं." नाथाजी हसला आणि उठला. "बसा जरा हितं. मी तंबाखू आणतो. बोलत ऱ्हावा त्याच्यासंगं, झालं."

हंबीरराव पेवाच्या कडेला गुडघ्यावर बसला. आतून हळदीचा उग्र, कोंदट वास आला. खाली अंधारात टोपलं खरवडल्याचा आवाज येत होता.

"आकारामा," त्यानं हाक मारली.

खरवडणं थांबलं.

"म्या हाय. तुझा दाजी."

खालून काही आलं नाही. हंबीररावानं घसा साफ केला. इतकी वर्षं साठलेलं त्याला सगळं एकदम सांगायचं होतं. "राही बरी हाय," तो म्हणाला. "मामीचं गुडघं धरल्यात. पोराचं जावळ काढायचं ऱ्हायलंय. केस ह्ये एवढं झाल्यात, येणी घालती ती." मग थोड्या वेळानं, "माझा एक भाऊ हुता बारका. तुला कवा सांगितलं न्हाई." आणि ती बोरांची गोष्ट त्यानं त्या खड्ड्यात सांगितली, तुटक तुटक, कधी मागचं पुढं करून. ती संपली. खाली सामसूम.

त्याच्या उशिरा ध्यानात आलं. आतला गप्प झाला की ओढायचा. त्यानं दोरी धरली, ताणली. हवेनं घेरी आली असेल का? का ऐकून गप्प असेल? ओढावं तर कामातून माणूस उपटून काढल्यासारखं व्हायचं, न ओढावं तर... "आकारामा," त्यानं हाळी घातली, खरी हाळी, वसना ओलांडून जाणारी. आसपासच्या पेवांवरची माणसं उठून उभी राहिली. "आकारामाऽऽ, ओ दे रं."

नाथाजी तंबाखू टाकून धावत आला. "काय झालं? गप हाय व्हय?" त्यानं आत तोंड घातलं. "आकारामा!"

"ओ," खालून लगेच आलं. शांत, घसा साफ असलेला आवाज.

"मग मघापास्नं का बोलंना झालास? पाव्हण्याचा जीव गेला की हितं."

खाली टोपलं सरकल्याचा आवाज झाला. मग आकाराम म्हणाला, "दाजी, समदं ऐकू आलं मला. आता जरा गप बसा."

हंबीरराव गप बसला. दोरीला हिसका आला, त्यानं ओढलं, टोपलं वर आलं. त्यानं ते पोत्यात रिकामं केलं आणि पुन्हा खाली सोडलं. उन्हं कलेपर्यंत तो ओढत राहिला आणि नाथाजी खालच्या माणसाशी पावसाच्या, हळदीच्या भावाच्या, कुणाच्या तरी लग्नाच्या गप्पा मारत राहिला. आकाराम वर आला तो पिवळाधमक, डोळे तेवढे काळे. त्यानं हंबीररावाच्या तळव्यांकडं बघितलं. दोरीनं ते सोलून निघाले होते. त्यानं हळदीची चिमूट घेऊन त्यावर टाकली, चोळली नाही, नुसती टाकली. मग अंग धुवायला नदीकडं उतरला. हंबीरराव थांबला. अंधार पडला तरी तो परत आला नाही, तेव्हा नाथाजी म्हणाला, "त्यो तसाच पल्याडनं घरला जातो. तुमाला गाडी घावायची न्हाई मग."

घरी राहीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "काय म्हणाला?"

"ऐकू आलं म्हणाला."

"येतो म्हणाला का?"

हंबीरराव पिवळे तळवे बघत बसला. राहीनं पोराला पुढ्यात ओढून बसवलं, त्याच्या केसांना तेल लावलं आणि वेणी घातली.